सोवळ्यातली बिअर

हेमा खांबेटे बसून जेवताना कुणी पाहिलेली नाही. ताट ओट्यावर, एक हात ताटात, दुसरा गॅसच्या बटणावर आणि डोळे खिडकीतून खाली, सोसायटीच्या फाटकाशी कोण आलं ते बघायला. मानपाड्याला रिक्षा अडकली की ही उतरून चालू लागायची आणि रिक्षावाला मागून हाका मारत राहायचा. दुसऱ्याच्या घरी हळदीकुंकवाला गेली तरी स्वयंपाकघरात डोकावून त्या बाईच्या कढईतली भाजी एकदा ढवळल्याशिवाय हिचा पाय निघत नसे. डोंबिवलीत पेंडसेनगरातल्या त्या तीन मजली इमारतीत तिच्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणत, आणि ते ऐकून ती खूश होई.

नोकरीही तिला स्वभावाला शोभेल अशीच मिळाली होती. टेलिफोन खात्यात, कल्याणच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. ट्रंक कॉल लावून द्यायचा, आणि दोन्ही टोकांची माणसं बोलायला लागेपर्यंत कानाला हेडफोन लावून थांबायचं. तेवढ्या वेळात तिचा जीव खालीवर व्हायचा. ‘हॅलो’ला ‘हॅलो’ आलं की जीव भांड्यात पडायचा आणि ती पुढच्या कॉलकडे वळायची. अशी हजारो माणसं तिने एकमेकांशी बोलती केली आणि मग ती निवृत्त झाली.

आता तिच्याच घरात एक बंद दार होतं. त्या दाराआड तिचा मुलगा होता आणि तो बोलत नव्हता.

अपूर्व तिशीचा. ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. गणपती झाल्यावर कंपनीने एका सकाळी पुष्कळ माणसांना घरी पाठवलं, त्यांत हाही आला. सुरुवातीला तो रोज अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचा, मुलाखती द्यायचा. एका ठिकाणी सगळं जुळत आलं होतं. त्यांचा फोन येणार होता, तो आलाच नाही. त्यानंतर इस्त्री बंद झाली, मग दाढी, मग अंघोळही कधी होई कधी नाही. दार लोटलेलं असायचं. जेवायला बाहेर यायचा, ताट घेऊन आत जायचा. काही विचारलं की ‘हं’.

त्याचे वडील गुरुदत्त बँकेतून निवृत्त झालेले, मुळात शांत गृहस्थ. बाल्कनीतल्या खुर्चीत शब्दकोडं घेऊन बसले की त्यांना भूकंपही हलवू शकला नसता.

"त्याला वेळ दे, हेमा," ते म्हणायचे.

"वेळ काय देऊ? वेळाशिवाय आहे काय दुसरं त्याच्याकडे?" ती म्हणायची आणि तरातरा जाऊन घरातलं काहीतरी घासायला घ्यायची.

तीन महिन्यांत तिने डबे घासले, कपाटं लावली, पडदे धुतले, मग उतरवून पुन्हा धुतले. डिसेंबर उजाडला तोवर घरात घासण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ती माळ्यावर चढली. तिथे आकाशकंदिलाच्या मागे ते खोकं सापडलं.

ते खोकं अपूर्वला मागच्या वाढदिवसाला ऑफिसातल्या मित्रांनी दिलेलं. घरच्या घरी बिअर करायचं सामान. त्या दिवशी हा पोरगा जेवणाच्या टेबलाशी उभा राहून आतला कागद मोठ्याने वाचून दाखवत होता, मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ बापाला दाखवत होता. हेमा म्हणाली होती, "माळ्यावर टाक ते. देव आहेत घरात." त्याने टाकलं होतं. पण नंतरही कितीतरी दिवस तो ते व्हिडिओ बघायचा आणि जेवताना उगाच सांगायचा, कुणाची बिअर कशी बिघडली आणि कुणाची कशी जमली.

हेमाने शिडीवर उभ्या उभ्याच खोकं उघडलं. झाकणाचा आणि तोटीचा, आतलं धूसर दिसेल असा एक पांढरा ड्रम, काकवीसारखं काहीतरी भरलेला पत्र्याचा डबा, यीस्टची पुडी, एक वाकडी पारदर्शक नळी आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. पुडीवर तारीख होती. पुढचा महिना.

ती उतरून दाराशी गेली. "अपूर्व, तुझं ते बिअरचं खोकं सापडलं रे. तारीख संपत आलीये. काय करू?"

आतून पंख्याचा आवाज. मग, "फेक."

हे ‘फेक’ तिला फार लागलं. हा पोरगा लहानपणी मोडक्या छत्रीची काडीसुद्धा फेकू द्यायचा नाही. बंद पडलेली घड्याळं, खिळे, चाकं, सगळं त्याच्या पलंगाखाली असायचं आणि त्यावरून मायलेकांची रोज भांडणं व्हायची. ज्या वस्तूवर तो कितीतरी दिवस जीव टाकून बसला होता तिला तो आज ‘फेक’ म्हणत होता, तेही न उठता, न बघता. एक वस्तू फेकली की दुसरी, मग तिसरी. हा कुठे थांबणार, याची हेमाला पहिल्यांदाच भीती वाटली.

"मी करते मग," ती दाराला म्हणाली.

"तू बिअर करणार?" गुरुदत्तांनी चष्मा काढला. "अगं, कायद्यात बसतं का ते? परवाना वगैरे लागत असेल. कुणाला तरी विचारायला हवं."

"विचारलं की लोक नाही म्हणतात. वस्तू वाया चाललीये, मी ती वापरतेय. तुम्ही कोडं सोडवा."

दुसऱ्या दिवशी तिने कागद वाचायला घेतला. इंग्रजी बारीक अक्षरांत तिथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावलेली: जे जे बिअरला लागेल ते ते स्वच्छ हवं, उकळत्या पाण्यातून काढलेलं हवं, धुतलेल्या हाताने उचललेलं हवं, आणि एकदा धुतलं की इकडेतिकडे कशाला लागू द्यायचं नाही. वाचता वाचता हेमाला हसू फुटलं. हे तर सासूबाईंचं सोवळं!

सासूबाई म्हणजे माई. माई लोणचं घालत तेव्हा घरात संचारबंदी असे. नाहून, धूतवस्त्र नेसून त्या बसायच्या आणि कुणी जवळ गेलं की "शिवू नकोस!" म्हणून ओरडायच्या. हेमा पहिली शिफ्ट करून कल्याणहून यायची, दमलेली, आणि पाण्याचा तांब्या घेण्याआधी तिला पुन्हा अंघोळ करावी लागायची. महिन्याचे चार दिवस तर बोलायलाच नको. मनातल्या मनात तिने त्या सोवळ्याला ज्या शिव्या घातल्या त्या एक्स्चेंजमधल्या बायकांकडून शिकलेल्या होत्या. माई गेल्या त्या वर्षी तिने ठरवलं, या घरात यापुढे कुणीही कुणाला ‘शिवू नकोस’ म्हणणार नाही. आणि हा शब्द तिने पाळला होता.

बिअरपायी तो मोडला. ती डोक्यावरून न्हायली, धुतलेला गाऊन घातला, ओटा उकळत्या पाण्याने धुतला आणि कोड्यातला एक शब्द विचारायला आलेल्या नवऱ्यावर चमचा उगारून म्हणाली, "लांब! शिवायचं नाही कशाला!"

"बिअर सोवळ्यात?" गुरुदत्त दारातच थांबले. "माई वरून बघत असतील."

"बघू देत. एवढं स्वच्छ लोणचं त्यांनीही घातलं नसेल."

डबा गरम पाण्यात ठेवून तिने आतला काळा पाक सैल केला, उकळून निववलेल्या पाण्यात साखरेबरोबर विरघळवला, ड्रममध्ये ओतला आणि वरून यीस्ट भुरभुरलं. झाकण लावलं. झाकणातल्या भोकात ती वाकडी नळी बसवली आणि तिच्यात रेषेपर्यंत पाणी भरलं; आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर येईल, बाहेरची हवा आत जाणार नाही, असं कागदाचं म्हणणं. ड्रम थंड जागी ठेवायचा होता. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे पॅसेजचा शेवट, अपूर्वच्या दाराला लागून. तिने तो तिथे ठेवला. थंडाव्याचं कारण खरं होतं, पण तेवढंच कारण नव्हतं.

मग सुरू झाली खरी शिक्षा. कागद म्हणत होता, आता काही करू नका.

काही करू नका! हेमाला कुणी एका पायावर उभं राहायला सांगितलं असतं तर ती राहिली असती. दर थोड्या वेळाने ती पॅसेजमध्ये जाई, ड्रमला कान लावी, नळीकडे बघे. पाणी जागच्या जागी. भाजी अर्धी चिरून जाई, पोळी तव्यावर टाकून जाई. इडलीचं पीठ थंडीत फुगलं नाही की ती पातेल्याला शाल गुंडाळायची. इथेही शाल काढली, गुंडाळली, कागद आठवून पुन्हा सोडली. झाकण जरा उचलून बघावं म्हणून तिचे हात शिवशिवत होते.

"उघडू नकोस हं," बाल्कनीतून गुरुदत्त म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं, पण चाळीस वर्षांचा संसार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळी बोलली. गुळुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, गुळुक. हेमा पॅसेजमध्ये फतकल मारून बसली आणि तिने लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

"अपूर्व! चालू झालं रे!"

"हं."

पण संध्याकाळपर्यंत गुळुक-गुळुक असा ठेका लागला. पॅसेजभर ओल्या पावासारखा वास पसरला. समोरच्या आसावरी रांगोळीचं पुस्तक मागायला आल्या आणि नाक वर करून म्हणाल्या, "काय हो, काय करताय? छान वास येतोय."

"ढोकळ्याचं पीठ," हेमा म्हणाली आणि पुस्तकासकट त्यांना त्यांच्या दारापर्यंत पोचवून आली.

रोज ती दाराशी जाऊन बातमी देऊ लागली. आज जोरात आहे. आज झाकणाखाली फेस दिसतोय. आज वास बदलला, जरा आंबूस आहे. पूर्वी ती लाइनवर नुसती ‘हॅलो, हॅलो’ करत राहायची, तशी बोलत राहिली. पलीकडे ‘हं’ आणि पंखा.

आणि मग एका सकाळी पलीकडून आवाज आला, "किती फेस आहे?"

तीन महिन्यांत त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. हेमाच्या हातातली कोथिंबीर खाली पडली. इथे कुणी शहाणी बाई ‘चार बोटं’ म्हणाली असती आणि गप्प बसली असती. पण हेमाला आनंद झाला की तिच्या तोंडाला ब्रेक राहत नसे.

"चार बोटं तरी असेल! येतोस का बघायला? ये ना रे, अगदी दाराशी आहे. आणि अरे, सांगायचंच राहिलं, प्रफुल्लकाका आहेत ना, त्यांची शीळफाट्याला कंपनी आहे, त्यांना मी तुझा बायोडेटा पाठवलाय. ते म्हणाले, मुलाला फोन करायला सांगा. आजच कर. नाहीतर मी लावून देऊ?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो दाराकडे आला. हेमा उठून उभी राहिली, पदर सारखा केला. आणि आतून कडी लागली.

इतके दिवस दार नुसतं लोटलेलं असायचं. कडी आज पहिल्यांदा लागली.

त्या दिवशी हेमा काही घासायलाही गेली नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटत होतं. कॉल लागला होता, दोन्हीकडून आवाज येत होता, आणि हिनेच मध्ये बडबड करून लाइन तोडली होती. गुरुदत्तांनी चहा करून आणला. ते ‘वेळ दे’ म्हणाले नाहीत, याबद्दल तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

तिने बातम्या बंद केल्या. अपूर्व ताट घ्यायला येई तेव्हा ती पाठ फिरवून ओट्याकडे बघत राही, म्हणजे तोंडाला संधी नको. पॅसेजमध्ये ड्रम एकटाच बोलत होता. मग त्याचाही आवाज विरळ होत गेला आणि एका सकाळी थांबला. कागदाप्रमाणे आता बाटल्या भरायच्या होत्या. प्रत्येक बाटलीत थोडी साखर, वर बिअर, आणि घट्ट झाकण. त्या साखरेनेच पुढे बिअरला फेस येणार होता.

तिने पुन्हा डोक्यावरून अंघोळ केली. ड्रम ओट्यावर आणला. खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या हातात घेतल्या आणि नाक मुरडलं.

आंबट, आंबवलेलं काही प्लॅस्टिकमध्ये ठेवायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या रक्तातच होतं. लोणचं चिनीमातीत, कोकम काचेत, ताक हवं तर स्टीलमध्ये, पण प्लॅस्टिक? त्या परदेशी लोकांना काय कळतंय! तिने ओट्याखालच्या कपाटातून कोकम सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या काढल्या. पातळ काचेच्या, उंच मानेच्या, वर्षानुवर्षं जपलेल्या. उकळत्या पाण्यातून काढून त्या धुतल्या कापडावर ओळीने उभ्या केल्या, प्रत्येकीत साखर घातली.

"अहो!" बाल्कनीपर्यंत ऐकू जावं म्हणून ती ओरडली. तिचं साधं बोलणंही दोन मजले खाली ऐकू जाई. "त्या प्लॅस्टिकच्या बाटल्या भंगारात टाकायला काढून ठेवा! मी काचेत भरतेय सगळं. झाकणं अशी घट्ट लावते की वर्षभर हलायची नाहीत!"

आणि तिने नरसाळं पहिल्या बाटलीत ठेवून तोटीला हात घातला.

पॅसेजमध्ये कडी वाजली. दार भिंतीवर आपटलं.

"आई! काचेत नको भरूस! थांब!"

अपूर्व स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. चुरगळलेला टी-शर्ट, गालभर वाढलेली दाढी, डोळे मोठे.

"का? स्वच्छ आहेत की."

"स्वच्छचा काय संबंध! प्रेशर येतं त्यात. साखर घातल्यावर आत गॅस होतो. या पातळ बाटल्या आहेत, बॉम्ब होतील त्यांचे. एक फुटली की सगळ्या फुटतात. डोळे जातील कुणाचे तरी. वेड लागलंय का तुला? म्हणून तर प्लॅस्टिकच्या दिल्यात ना त्यांनी!"

"आंबलेलं कुणी प्लॅस्टिकमध्ये ठेवतं का? माईसुद्धा कधी..."

"माईआजी बिअर करायची का?"

बाल्कनीत गुरुदत्तांना ठसका लागला. अपूर्व ओरडतच होता. तोटी उघडण्याआधी ड्रम हलवायचा नसतो, खाली गाळ बसलेला असतो, तू तो इथवर उचलून आणलास, आता निदान तासभर तरी स्थिर ठेवायला हवा, आणि साखर चमच्याने मोजलीस की अशीच टाकलीस, दाखव किती टाकलीस. हेमा त्याच्याकडे बघत होती. मुलगा आपल्याला मूर्खात काढतोय, आणि आपल्याला इतकं बरं वाटतंय, याचं तिला नवल वाटलं. ओरड, ती मनात म्हणाली, आणखी ओरड.

"सरक," तो म्हणाला. "दे इकडे ते नरसाळं."

त्याने हात पुढे केला. आणि हेमाच्या तोंडून निघून गेलं, "शिवू नकोस!"

तो थबकला.

"पारोसा आहेस," ती म्हणाली. "मी सगळं उकळून ठेवलंय. अंघोळ करून ये आधी."

तिने डाव टाकला नव्हता. समोर धुतलेली भांडी होती, समोर न धुतलेला हात होता, आणि माई तिच्या तोंडातून बोलून गेल्या होत्या. अपूर्व आपल्या पुढे केलेल्या हाताकडे बघत राहिला. नखं वाढली होती. मग त्याने टी-शर्टाकडे बघितलं. तो वळला आणि गेला.

पॅसेजमध्ये त्याच्या खोलीचं दार लागलं.

हेमा नरसाळं धरून उभी राहिली. बाहेर शब्दकोड्याचा कागद वाजत नव्हता, म्हणजे गुरुदत्तही ऐकत होते. दोघंही कडीची वाट बघत होती. कडी वाजली की संपलं. मग या ड्रममधलं सगळं मोरीत ओतायचं आणि वाट बघायची. पण कशाची वाट, ते तिला कळत नव्हतं. जाऊन म्हणावं, राहू दे अंघोळ, ये तसाच, मला काही नको. तिचा एक पाय उचलला गेलासुद्धा. तो तिने खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने उचललेला पाय परत खाली ठेवला असेल.

कपाट उघडल्याचा आवाज आला. मग पॅसेजमध्ये पावलं. मग गीझरचं बटण.

बादलीत पाणी पडायला लागलं तशी हेमा स्वयंपाकघरातल्या फरशीवर खाली बसली. भिंतीला टेकून, पाय पसरून. धुतलेला टॉवेल आत आहे का, पाणी पुरेसं तापलंय का, रेझरला नवं ब्लेड आहे का, हे सगळं तिच्या जिभेवर आलं आणि तिने गिळलं. गुरुदत्त दाराशी आले. बायको फरशीवर बसलेली त्यांनी पाहिली. ओट्यापासून हातभर लांब, सोवळं सांभाळत, तेही खाली बसले. पाणी बराच वेळ पडत होतं. थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही आणि हेमाने नवऱ्याचा हात घट्ट धरला.

अपूर्व आला तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं. दाढी गेली होती, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. अंगात इस्त्री मोडलेला ऑफिसचा शर्ट होता, कारण धुतलेलं दुसरं काही त्याच्या कपाटात उरलं नसावं. तो वाळला होता. दाढीत ते कळलं नव्हतं. फरशीवर बसलेल्या आईबापांकडे त्याने पाहिलं आणि ओट्यापासून दोन पावलांवर थांबला.

"आता शिवू?" त्याने विचारलं.

हेमाच्या तोंडाशी शंभर वाक्यं आली. ती उठली, नरसाळं त्याच्या ओल्या हातात दिलं आणि बाजूला सरली.

"शिव," ती म्हणाली.